रेडिओवर मिळवलेली सवलत

आमच्या जाऊबाईंना गल्लीत सगळे रेडिओवाली म्हणतात. काहीजण फुकटीही म्हणतात, पण माझ्यासमोर म्हणून बघा म्हणावं! आम्ही दोघी जावा मिळून इस्त्रीचं दुकान चालवतो. दिवसभर गावातलं रेडिओ स्टेशन चालू. त्यावर बक्षिसाचे प्रश्न विचारतात. फोन करून उत्तरं देत त्यांनी आजवर सिनेमाची तिकिटं आणली, कुकर आणला, एकदा तर घरातल्या सगळ्यांचे केस फुकटात कापून आणले.

त्यांची पद्धत पक्की. साबणाची जाहिरात लागोपाठ दोनदा वाजली की प्रश्न येणारच, म्हणून त्या लगेच शर्ट बाजूला ठेवून चादर घेतात. कॉलरला दोन्ही हात लागतात, चादर एका हाताने निघते. दुसऱ्या हातात फोन, नंबर तयार, अंगठा बटणावर.

त्या दिवशी बक्षीस होतं कानाचं मशीन. आमच्या सासऱ्यांना दोन वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि मशीनची किंमत ऐकून आम्ही आल्या पावली परतलो होतो. बिचारे बोलायचेच बंद झाले. जेवताना सगळे हसले की तेही हसायचे, काही न कळता. मला ते बघवायचं नाही.

फोन लागला. उत्तर बरोबर आलं. मी उडीच मारणार, तेवढ्यात निवेदक म्हणाला, "ताई, आवाज ओळखीचा वाटतोय. मंगळवारी छत्री तुम्हीच जिंकलात ना? एका घराला महिन्यात एकच बक्षीस."

अगं बाई! एका छत्रीने घात केला! मी हातवारे करून सांगतेय, नाही म्हणा, नाही म्हणा.

"हो, मीच ती," जाऊबाई म्हणाल्या. "बक्षीस दुसऱ्या कुणाला द्या. पण मशीनवाले दुकानदार तिथंच बसलेत ना? त्यांना विचारा, सवलत घ्यायला तरी मनाई नाही ना?"

निवेदक खो खो हसत सुटला. दुकानदार चाचरत म्हणाला, "दहा टक्के देऊ की."

"दहा? अहो, सगळं गाव ऐकतंय!"

आता सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? शेवटी ठरलं, आठवडाभर जो येईल त्याला मशीन निम्म्या किमतीत. इकडे चादर करपली. करपू दे!

शनिवारी जाऊबाई दुकान सांभाळायला थांबल्या आणि मी सासऱ्यांना घेऊन गेले. रांग पार रस्त्यापर्यंत. मशीन बसवून आम्ही बाहेर पडत होतो, तर आमच्या पाठीमागे एक म्हातारी शेजारणीला हळूच विचारत होती, "रेडिओवर एवढी भांडली ती बाई कोण गं?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे गर्रकन वळले.

"आमची थोरली सून," ते म्हणाले.