विहीणबाईंचा भाचा, आमची गाडी आणि ब्रेकचा भाव

मागच्या आठवड्यात मुलाने गाडी अंगणात वळवली आणि ब्रेक असा किंचाळला की कोंबड्या उडून धानाच्या उंच रचलेल्या पुंजण्यावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, चला… घरात आता माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणारं कोणीतरी आलं.

मी सांगते आहे, नात रुची लिहिते आहे. मला अक्षर येत नाही. तिला बजावलंय, माझं बोलणं हवं तर नीट कर, पण टोमणे काढू नको.

मुलाची नोकरी कोरचीला, आम्ही राहतो कुरखेड्याला. मध्ये घाट, रोजचं जाणं-येणं. ब्रेकची गोष्ट आमच्या घरी हसण्यावारी नेता येत नाही.

मला वाटलं, पोरगा आता मला विचारेल. या घरात बैल आला तो मी पाहून, शिवणयंत्र आलं ते मी पाहून, सूनसुद्धा मीच पाहून आणली… तिच्यामागे तिची आई येणार, तेवढं पाहायचं राहिलं.

पोरानं फोन लावला तो वडशाला, सासूला. "हो आई… बरोबर आई… तुम्ही म्हणाल तसं आई." मला तो माय म्हणतो. माय अंगणात उभी होती, शेणाच्या हातानं.

विहीणबाई शिकलेल्या. स्वतः स्कुटी चालवतात. नातीला ताप आला तर त्यांना विचारा, भिंतीला रंग कोणता तर त्यांना विचारा. आता गाडीचं चाकही त्यांनाच विचारून फिरणार.

वडशाला त्यांच्या भाच्याचं, गोलूचं, गॅरेज आहे. मुलगा गाडी हळूहळू तिथे नेऊन ठेवून आला आणि स्वतः एसटीनं परतला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर खर्चाचा कागद आला. रुचीनं वाचून दाखवला… पुढचे पॅड, पुढची डिस्क, मागचे ब्रेक शू, ब्रेक ऑईल. खालचा आकडा ऐकला आणि मला तेवढ्या पैशात आलेली, दारात बांधलेली एक धष्टपुष्ट बकरी दिसली, जी आता कधीच येणार नव्हती.

"देऊन टाकतो," मुलगा म्हणाला.

"कशाकशाचे देतं, ते तरी इचार."

"माय, सोयऱ्यात भाव करतेत का? सासुरवाडीचा माणूस आहे."

खरं आहे ते. जावयानं सासुरवाडीत घासाघीस केली तर पुढची दोन लग्नं तीच गोष्ट चघळली जाते. पण विहिणीनं विहिणीला बोललेलं चालतं. मांडवात आम्ही एकमेकींना गाण्यातून काय काय म्हणतो, ते रुची इथे लिहिणार नाही. त्याचं तोंड बांधलेलं होतं… माझं मोकळं होतं.

आधी मी तोच कागद कुरखेड्याच्या गॅरेजवाल्याला रुचीकडून वाचून दाखवला. तो म्हणाला, "पॅड-डिस्कचा भाव बरोबर आहे बाई. मागचं मात्र खोलून पाह्यल्याशिवाय मी सांगू शकत नाई." बस्स. मला तेवढंच पाहिजे होतं. रात्री छान झोप लागली. विहीणबाईंचा भाचा चोर निघाला तर पोरगा पुन्हा माझ्या पदराशी येणार होता.

शनिवारी मुलाला घेऊन एसटीनं वडशाला गेले. गोलूनं स्टूल दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, "चहा ठेव बाजूले. तुह्या आत्याचा जावई लाजते, मी नाई लाजत. जुना माल दाखव."

त्यानं पुढचे पॅड हातात दिले. मसाला पार गेलेला, नुसतं लोखंड. डिस्कवरून बोट फिरवलं तर नांगर फिरवल्यासारख्या रेघा. इथे काही बोलायला जागा नव्हती.

"मजुरी किती लावली?"

"लावलीच नाई मावशी. घरची गाडी."

मी हिरमुसले… इतकी तयारी करून आलेली बाई, अन् चोर सापडेना.

"अन् मागचं? खोल." त्यानं ड्रम काढला. आतल्या शूवर मसाला चांगला जाड होता. मलासुद्धा दिसला, म्हणजे चष्म्याशिवाय दिसला. "हे आता नाई बदललं तर गाडी थांबन का?"

"थांबन ना. वर्षभर आरामात चालन."

"मंग काऊन लिवलं रे?"

गोलू मुलाकडे बघेना. "आत्यानं सांगतलं. जावई रोज घाट उतरते म्हणे, त्याच्या गाडीत जुनं काईच ठेवू नको. रोज दोनदा फोन करून राह्यली मले."

मी चहा उचलला. थंड झाला होता.

मला वाटायचं, त्या घाटाची भीती माझ्या एकटीची आहे. संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत मी चुलीपाशी नुसती ढवळत बसते. ती वडशात बसून तेवढीच भीत होती… आणि माझ्याआधी बोलून मोकळी झाली. जळफळाट कशाचा होता म्हणाल, तर याचा.

मागचे शू मी बदलू दिले नाहीत. तिथूनच विहीणबाईंना फोन लावायला सांगितला. "इहीनबाई, तुमच्या जावयाचं मागचं जुनंच ठेवलं म्या. लई माया उतू जाऊ देऊ नका."

"तुमी सोता पाह्यलं का?"

"मुंडकं घालून पाह्यलं."

"मंग राहू द्या." आणि हसल्या. "पण घाट उतरला का कोणी मले सांगत नाई हो बाई…"

सोमवारी गाडी न किंचाळता अंगणात लागली. मुलगा हातपाय धुवायला गेला. माझ्या मोबाईलमध्ये रुचीनं सगळ्यांचे फोटो टाकून ठेवलेत, दाबला की फोन लागतो. मी विहीणबाईंचा फोटो दाबला.

म्हटलं, "आला बरं तुमचा जावई."

माझा पोरगा आला, असंच तोंडात आलं होतं. पण म्हटलं… आजच्या दिवस तुमचा.