कमळाकरचा हात

पनवेलबाहेरच्या त्या शेडमध्ये अठरा वर्षं कमळाकर कोळ्याचा हात म्हणजे शेवटचा शब्द होता. समुद्रात उभ्या टँकरमधलं तेल उतरवायचे जाडजूड रबरी पाइप तिथे तपासतात. तपासतात कसले, छळतात! यंत्रावर चढवायचा, महिना-महिना वाकवायचा, पिळायचा, पुन्हा वाकवायचा. मग आतली हवा ओढून घ्यायची आणि अस्तर कुठे सुटलंय का, तार तुटलीय का ते कॅमेऱ्याने बघायचं. कॅमेऱ्याचं झालं की सगळे कमळाकरकडे वळत. पाइप दगा देतो तो बहुधा तोंडाशी, लोखंडी कडं बसतं तिथे. कमळाकर खांद्यापर्यंत हात आत घालायचा, डोळे मिटून सगळीकडून फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचा.

डोळे मिटायची सवय करंज्याची, त्याच्या किनाऱ्यावरच्या गावची. लहानपणी आई त्याला जाळ्याच्या गाठी डोळे मिटूनच चाचपायला लावायची. सैल गाठ निसटली हातून, की टपली!

तर असा हा हात. तो गेल्या दिवाळीपासून मेला होता.

साखरेचा आजार. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. बायकोला, शांतीला, कळलं ते तव्यामुळे. गडी तापलेला तवा धरून बोलत उभा! "अवं, जलतंय ना!" म्हणून तिनं त्याचा हात ओढला, तेव्हा तो बोटांकडे दुसऱ्या कुणाची असल्यासारखा बघत राहिला. "कंपनीत सांगा," ती म्हणाली. तो म्हणाला, "सांगतो." आणि नाही सांगितलं. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. हात गेला म्हटल्यावर कमळाकरचं उरतं काय?

त्यानंतर त्याने आठ पाइप पास केले. हात घालायचा, डोळे मिटायचा, मनात वीसपर्यंत मोजायचा आणि "ठीक हाय" म्हणायचा. कॅमेऱ्यात काही दिसलं नव्हतं, मग असेलच ठीक. पहिल्या वेळी रात्री झोप लागणार नाही असं त्याला वाटलं होतं. लागली, छान लागली. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

नववा पाइप मंगळवारी उतरला. चाळीस दिवस वाकलेला. तपासणीची मुख्य म्हणून नवी आलेली मिताली, पुण्याची पोरगी, कागद घेऊन उभी होती. कॅमेरा ओके म्हणाला.

"काका, तुमचा हात?"

कमळाकरने हात घातला. वीस मोजले.

"ठीक हाय."

तिने 'पास'वर खूण करायला पेन टेकवलं आणि तो हात बाहेर आला. मधलं बोट टोकापासून पेरापर्यंत चिरलेलं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं.

"अगं बाई! काका, बोल्ट लागला का?" मिताली पट्टी आणायला धावली.

वाट मोकळी होती. नुसतं "हो" म्हणायचं. कमळाकर रक्ताकडे बघत राहिला. बोल्ट सगळे बाहेरच्या अंगाला, आणि हात तर आत होता. आत काहीतरी धारदार वर आलं होतं, त्याने एवढं कापलं होतं, आणि हा वीसपर्यंत मोजत बसला होता. हा पाइप समुद्रात फुटला तर तेल कुणाच्या दारात येईल? करंज्याला सख्खा भाऊ जीवन अजून होडी काढतो.

मिताली पट्टी बांधू लागली. "खूप दुखतंय का हो?"

"नाय."

"थोडं तरी?"

"मॅडम, कायच नाय. बोल्ट नाय लागला. आत तार वर आलीय. मना समजली नाय. दिवाळीपासून बोटां मेलीत माझी. मागचे आठ पाइप पन मी असेच सोडले."

तिचे हात पट्टीवरच थांबले. शेडमध्ये शेजारचं यंत्र चालूच होतं, दहावा पाइप वाकत होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन काढला आणि ते आठही पाइप कुठे असतील तिथे थांबवायला सांगितलं. दोन समुद्रात बसवून झाले होते. ते उद्या उतरवायचे ठरले.

मग तिने कागद पुढे ओढला, 'पास'वरची अर्धी खूण खोडली आणि 'नापास' लिहिलं. खाली तपासनिसाच्या नावाचा रकाना होता. तिथे पेन अडलं. तिने वर बघितलं.

पट्टीतून रक्त पुन्हा वर येत होतं. कमळाकरला ते दिसत होतं, एवढंच.

"माझ्या नावापुढं पन तेच लिवा," तो म्हणाला.