काडी शिरेपर्यंत

सुताराच्या कानावर पेन्सिल असते, हे तुम्ही पाहिले असेल. आमच्या मामांच्या उजव्या कानावर तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची, काडी असे. बोटभर लांब, एका टोकाला घासून गुळगुळीत केलेली. गावचा फुटबॉल संघ हरू लागला आणि मैदानाच्या कडेला आमच्यासारख्यांचा आरडाओरडा सुरू झाला, की मामा ती काडी कानावरून काढत, सर्वांना दिसेल अशी वर धरत आणि दुसऱ्या हाताचा तळवा हळूहळू जमिनीकडे दाबत म्हणत, "दम धरा. आजून शिरली न्हाई."

ही काडी त्यांच्या कामाची होती. मामा हळद शिजवून देत. काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला जोडलेले वाफेचे ड्रम घेऊन ते या शेतातून त्या शेतात फिरत. ड्रममधले एक हळकुंड बाहेर काढायचे आणि त्यात काडी टोचून पाहायची. अडली तर हळद कच्ची, सहज आत गेली तर शिजली. ड्रमवर घड्याळ आणि वाफेचा काटा बसवलेला होता, पण मामांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. "काटा वाफेचं सांगतो," ते म्हणत, "हळदीचं हळदीला इचारावं लागतं."

मामा हे सगळ्या गावाने त्यांना दिलेले नाव. त्यांचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. एकदा ते मी जिथे लिहू नये तिथे लिहिले होते, आणि हे सगळे सांगण्याचे कारणही तेच आहे.

आमचे गाव सेनगाव तालुक्यातले, बाजाराला गोरेगावला जाणारे. आसपासच्या लहान गावांत कबड्डी नाहीतर व्हॉलीबॉल खेळतात. आमच्याकडे मात्र फुटबॉल. फार पूर्वी शाळेत आलेल्या एका शिक्षकांनी तो लावला. पुढे त्यांची बदली झाली, खेळ राहिला. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि संघाच्या मंडळाचा चिटणीस आहे. अर्ज, पत्रे, ठराव हे सारे माझ्या हातचे. माझी भाषा शुद्ध आहे, असे लोक म्हणतात. ती शुद्ध असल्यामुळे तिच्याआड पुष्कळ काही लपते, हे मला फार उशिरा कळले.

हिंगोलीला दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यातल्या संघांच्या स्पर्धा होतात. तिथून आम्ही सलग कित्येक वर्षे दुसऱ्या फेरीतच परत येत होतो. तेव्हा गावाने फौजीला बोलावले. फौजी शेजारच्या तांड्यावरचा. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला, पलटणीच्या फुटबॉल संघाला शिकवलेला. त्याने अट घातली एकच. "एक साल द्या. बीचमध्ये इचारू नका."

जूनमध्ये, हळदीच्या लागवडीच्या दिवसांत, त्याने काम हाती घेतले. पहिल्याच आठवड्यात संघातले चार जुने खेळाडू गेले. त्यांच्या जागी त्याने तांड्यावरची आणि बौद्ध वस्तीतली अशी मुले घेतली, ज्यांना आम्ही आजवर राखीव खेळाडूचीही जागा दिली नव्हती. का दिली नव्हती, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही. माझा भाचा आमचा नामांकित सेंटर फॉरवर्ड होता. लाथ घोड्याची, पण चेंडू पायात आला तरच धावणारा. त्याला फौजीने सांगितले, "तू मागं खेळशील. गोलासमोर." भाच्याने बूट काढले आणि तो घरी आला. माझ्या बहिणीने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले, जणू तो निर्णय मीच दिला होता.

मग आम्ही हरू लागलो. सेनगावशी हरलो, गोरेगावशी हरलो. एका सामन्यात पाच गोल झाले तेव्हा कडेच्या गर्दीतून कोणीतरी विचारले, "आरं, गोलात माणूस हाय का बुजगावणं?" दुसरा म्हणाला, "बुजगावणं असतं तर पाखरं तरी भेली असती." फौजी वळून पाहत नसे. मामा मात्र काडी वर धरत.

"मामा, काडी मोडंल आता," लोक म्हणत.

"मोडू द्या. तुरीचं रान हाय माझं."

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी फौजीला काढण्याचा अर्ज लिहिला. गावाचा मान, खेळाडूंचे मनोधैर्य, युवकांवरील अन्याय असे सगळे शब्द त्यात होते. भाचा हा शब्द नव्हता. सह्या गोळा करीत मी मामांकडे गेलो. पावसाळ्यात ते घरातल्या लहान गिरणीवर लोकांची हळद दळून देत. मामांना संघाचे सर्वांत जुने प्रेक्षक म्हणून मान होता. त्यांची सही असली की बाकीचे प्रश्न विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होते.

त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी धरला आणि ओळ न् ओळ वाचला.

"चांगलं लिवलं, गुरुजी. अक्षर लई छान हाय." एवढे बोलून त्यांनी कागद परत दिला.

"आणि सही?"

"आजून काडी न्हाई शिरली. हळद लावली की लोक दर आठ दिवसाला उकरून पाहतात, गड्डा धरला का म्हणून. उकरलं की गड्डा तितलाच राहतो. तुमी बी काहून उकरून राहिले?"

मी कागद घेऊन निघालो. वाटेत कागद पाहिला, तर शेवटच्या सहीखाली त्यांच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा उमटलेला होता. दळणाची हळद. कागद धरताना लागलेली. मी तो ठसा बराच वेळ पाहत राहिलो. मग शाळेत जाऊन, खुर्चीवर नीट बसून, त्या ठशाशेजारी मामांचे नाव लिहिले आणि पुढे 'अंगठा' असा शब्द घातला. अक्षर छान आले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या लिंबाखाली बैठक भरली. मी अर्ज वाचला, नावे वाचली, आणि शेवटी म्हणालो, "मामांचाही अंगठा आहे."

मागून एकाने विचारले, "मामा तर चौथी शिकलेले हायेत. अंगठा काहून?"

मामा उठले, पुढे आले, माझ्या हातून कागद घेतला आणि त्या ठशाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

"बोट माझंच हाय," ते म्हणाले. "पण बोलणं आर्धं राहून गेलं. पेन द्या, गुरुजी."

माझ्याच पेनने, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी ठशाखाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद मला वाचायला दिला. मी माझ्या तोंडाने वाचले: 'हळद निघेपर्यंत फौजीला ठेवावं. तवर कोणी उकरून पाहू नये.'

"आन् तवर बी न्हाई जमलं तर?" कोणीतरी विचारले.

"तर फौजीसंगं मी बी मैदानावर येणं सोडतो."

ज्या माणसाने उभ्या पावसात पोते डोक्यावर घेऊन सामने पाहिले, तो हे बोलत होता. अर्ज मागे घेतला गेला नाही. तो तसाच मंजूर झाला, फक्त उलटा. आणि माझा खोटेपणा बाहेर आला नाही. त्या रात्री मला हायसे वाटले. हायसे वाटल्याची लाज पुढे हळूहळू वाटू लागली.

भाच्याची गोष्ट तर गमतीची आहे. तो रोज मैदानाच्या बांधावर येऊन रुसून बसे, खेळत नसे. मामा त्याच्याशेजारी जाऊन बसू लागले. उपदेश नाही, चौकशी नाही. खिशातून भाजलेल्या शेंगा काढायच्या, अर्ध्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि सराव पाहायचा. आठव्या दिवशी मामा रिकाम्या खिशाने आले. भाचा थोडा वेळ बसला, मग बूट घालून मैदानात उतरला. मी त्याला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "नुस्तं बसून काय करावं? शेंगा बी नव्हत्या."

दिवाळीनंतर आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला. थंडीत दोन जिंकलो. भाचा गोलासमोर उभा राहून आता मागेपुढे धावत होता आणि समोर तांड्यावरचा एक किरकोळ अंगाचा पोरगा वाऱ्यासारखा सुटत होता. हळदीचा पाला पिवळा पडू लागला तसे गावातले टोमणे कमी झाले. पण मुदतही जवळ येऊ लागली.

हिंगोलीच्या स्पर्धेत आम्ही दुसरी फेरी ओलांडली, तिसरी ओलांडली, आणि अंतिम सामन्यात येऊन पोहोचलो. त्या दिवशी मामा मात्र आले नाहीत. साखरा गावाजवळच्या एका शेतावर हळद शिजवायची त्यांची पाळी लागली होती. काढलेली हळद फार दिवस ठेवता येत नाही, आणि दिलेली पाळी मामा मोडत नसत.

मध्यंतराला आम्ही एका गोलाने मागे होतो. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "फौजीनं पुन्हा घोळ केला." "जुने लोक असते तर..." मी वळून पाहिले. मामांची नेहमीची जागा रिकामी होती. आणि मग माझ्या नकळत माझाच हात पुढे झाला, तळवा खाली. "दम धरा," मी म्हणालो. आवाज माझा नेहमीसारखा हळू होता, पण शेजारच्याने तो ऐकला. त्याने वाळलेल्या गवताची एक काडी उपटून वर धरली. कोणीतरी हसले. बघता बघता आमच्या बाजूला पाचपन्नास काड्या वर झाल्या. फौजीने त्या वर्षात प्रथमच वळून गर्दीकडे पाहिले.

दुसऱ्या भागात बरोबरी झाली. अगदी शेवटी त्यांच्या खेळाडूने मारलेला चेंडू भाच्याने गोलरेषेवरून पायाने अडवला आणि तीच घोड्याची लाथ हाणून तो पार पुढे भिरकावला. तांड्यावरचा पोरगा सुटला. पुढे काय झाले ते मला नीट दिसले नाही, कारण एक परका माणूस मला मिठी मारून उभा होता.

कप मिळण्याची वाट न पाहता मी मोटारसायकल काढली आणि थेट साखऱ्याचा रस्ता धरला. सूर्य कलला होता. दुरूनच पांढरी वाफ दिसली आणि उकडत्या हळदीचा वास आला. मामा ड्रमखाली लाकूड सारत होते.

"फौजी राहिला का?" त्यांनी विचारले. कोण जिंकले हे विचारलेच नाही.

"राहिला," मी म्हणालो. "जिंकलो, मामा."

त्यांनी मान हलवली आणि दुसरे लाकूड घेतले. मला वाटले, आता नाही बोललो तर कधीच नाही.

"मामा, तो अंगठा."

"कोन्ता?"

"अर्जावरचा. तुम्ही दिला नव्हता. कागद धरताना लागला होता. मी तो तुमच्या नावावर लावला."

"मला म्हायती हाय की," ते म्हणाले. "चाळीस साल हात हळदीत हाय. माझं बोट कुठं लागतं, कुठं उमटतं, ते मला न्हाई समजणार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर सारे तुमच्यावर घसरले असते. फौजीचं राहूनच गेलं असतं." त्यांनी विस्तवाकडे पाहत लाकूड थोडे मागे ओढले. "आन् तुमी बी तवा कच्चेच व्हते, गुरुजी."

मी आज पंचावन्न वर्षांचा आहे. कोणी मला इतक्या कमी शब्दांत आणि इतके बरोबर तपासलेले नाही. मामा गेल्या वर्षी, पाला वाळायच्या दिवसांत, गेले. ते असताना मी हे लिहिले असते तर त्यांनी दोन्ही हातांनी धरून वाचले असते आणि 'अक्षर छान हाय' म्हणून परत दिले असते. तो अर्ज माझ्याजवळ आहे. मी तो फाडलेला नाही.

पण मला सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे. आमचे बोलणे संपते न संपते तोच रस्त्यावर धूळ उठली. चार जीपगाड्या, गुलाल, हलगी. पुढच्या जीपच्या टपावर कप घेऊन भाचा. सगळे गाव त्या शेतात उतरले आणि मामांना उचलायला धावले.

मामांनी तळवा पुढे केला आणि जमिनीकडे दाबला.

"दम धरा. ह्या ड्रमाचा घाणा व्हायचा हाय."

हलगी थांबली. जिल्हा जिंकून आलेला संघ, गुलालाने लाल झालेले शे-दीडशे लोक, त्या ड्रमभोवती गुपचूप उभे राहिले. फौजी हात मागे बांधून पाय जुळवून उभा होता.

"मामा, कप तरी हातात घ्या," भाचा म्हणाला.

"कप काय पळून चालला का?"

त्यांनी झाऱ्याने एक हळकुंड बाहेर काढले, फुंकर घातली, कानावरची काडी टोचली. काडी अडली. "आजून न्हाई," ते म्हणाले, आणि सगळे शेत हसले. पण कोणी हलले नाही. ज्यांनी फौजीला आठ महिने दिले, त्यांना आणखी थोडा वेळ जड नव्हता. ज्याने ते देऊ नयेत म्हणून खोटे लिहिले होते, तोही त्यांच्यातच उभा होता.

थोड्या वेळाने त्यांनी दुसरे हळकुंड काढले. काडी एका टोकातून गेली आणि दुसऱ्या टोकाला अलगद बाहेर आली. मैदानावर धरत तसा त्यांनी हात वर केला. मावळतीच्या उजेडात काडीवर वाफाळणारे पिवळे हळकुंड, आणि त्याच्या बरेच खाली, भाच्याच्या हातात, कप.

"शिरली," मामा म्हणाले.