मामांच्या जागेवर

आयटीआयला मी रेफ्रिजरेशनचा ट्रेड घेतला तेव्हा मी नेमकं काय शिकते आहे ते कोल्हारच्या आमच्या घरात कुणालाच कळलं नव्हतं. चुलते पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी फ्रीज दुरुस्त करायला शिकती." रोज एसटीनं श्रीरामपूरला जाऊन-येऊन कोर्स पुरा केला आणि राहात्याच्या बाजूच्या एका दूध प्लँटवर मला वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली. तिथं एका लांबट खोलीत अमोनियावर चालणारे तीन भलेमोठे कॉम्प्रेसर होते. आलेलं सगळं दूध थंड ठेवायचं काम त्यांचं. ते चालू असले की पायाखालची फरशी थरथरायची आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी जावं लागायचं.

त्या खोलीचे ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेले होते. सगळा प्लँट त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओढणीकडं बोट केलं.

"हे काढून ठेव. पट्ट्यात गेलं तर तुला संगं घिऊन जाईल."

दुसऱ्या दिवसापासून मी शर्ट-पँटवर जाऊ लागले. घरी त्यावरून आठवडाभर कुरबुर चालली.

माझ्याआधी आलेले अप्रेंटिस बहुतेक झाडलोट करून आणि चहा आणून वर्ष काढायचे, असं मला पॅकिंगमधल्या बायकांनी सांगितलं होतं. मामांनी माझ्या बाबतीत तसं होऊ दिलं नाही. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतला एकेक आवाज वेगळा ऐकू येतो. हा व्हॉल्व्हचा, हा बेअरिंगचा, हा तेलाचा. आयटीआयमध्ये हे सगळे भाग मी कापलेल्या मॉडेलवर बघितले होते, त्यांची नावं पाठ होती. पण चालत्या मशीनमध्ये त्यांना ओळखायला मी तिथं शिकले. पाइपावर बर्फ कुठपर्यंत चढला की ठीक आणि कुठं चढला की धोका, हेही मामा हाताला धरून दाखवायचे. मला पहिल्यांदाच वाटलं की हे काम मला येईल, आणि नुसतं येणार नाही, आवडेल.

मग पावसाळा सरताना एका दुपारी दोन नंबरच्या मशीनचा पट्टा किंचाळायला लागला. दाराबाहेर उभ्या ड्रायव्हरनंसुद्धा वळून बघितलं इतका तो आवाज तीक्ष्ण होता. मामा मशीनला लागून उभे होते आणि कापडानं हात पुसत होते. मी वाट बघितली. त्यांनी मान वळवली नाही.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. "मामा, पट्टा घसरतोय."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी पट्ट्यावरच्या गार्डच्या जाळीवर तळहात टेकवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "व्हय. घसरतोय."

आम्ही मशीन थांबवून पट्टा ताणला. त्यानंतर मी त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले. ते कधीच स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावत नव्हते, तो नेहमी मला द्यायचे. ते तळहातानं काम भागवत होते. शेडमागं जेवायला बसायचो, तिथं फारसा आवाज नसायचा, तरी मी मागून हाक मारली तर ओ येत नसे. शेवटी मी समोर बसून विचारलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "बारीक आवाज गेले. भरडा येतो थोडा," ते म्हणाले. "कुनाला बोलू नको."

"मॅनेजर साहेबांना सांगू या ना मामा. ते दुसरं काम देतील."

"दुसरं मला काय येतंय? पोरवयात हितं आलो, तवापासून हेच केलं. दिवाळी होऊ दे, मीच सांगतो."

दिवाळी झाली. त्यांनी सांगितलं नाही, आणि मी परत विचारलं तेव्हा ते माझ्या ओठांकडं न बघता दुसरीकडं बघू लागले.

मधल्या काळात आमच्यात खुणा ठरून गेल्या. बोट फिरवलं की पट्टा, मूठ आपटली की आत काहीतरी ठोकतंय. दोघांच्या वाटचं मलाच ऐकायचं म्हणून मी जास्त लक्ष देऊन ऐकायचे, आणि म्हणूनच बहुधा इतकं लवकर शिकले. पण माझ्या सुट्टीच्या दिवशी घरी जीव थाऱ्यावर नसायचा. शेजारच्या हॉलमध्ये बायका पिशव्या भरत असतात, मधे फक्त एक भिंत, आणि पाइपांतून अमोनिया फिरतो आहे. आई विचारायची, "कामावर कोनी तरास देतं का?" मी नाही म्हणायचे. जो माणूस मला मनापासून शिकवत होता त्याच्यामुळंच मला धास्ती वाटत होती, हे तिला सांगायचं कसं?

थंडीत दूध वाढतं. त्या दिवशी दुपारी टँकरची रांग फाटकाबाहेर गेली होती आणि तिन्ही मशीन पूर्ण लोडवर होती. मामांनी मला कूलिंग टॉवरचं पाणी बघायला बाहेर पाठवलं. परत येताना दारातच मला तो आवाज ऐकू आला, पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवावेत तसा. दोन नंबरमध्ये गॅसऐवजी पातळ अमोनिया खेचला जात होता, त्यानं मशीन फुटू शकतं. मशीनच्या अंगावर पांढरा बर्फ उतरत चालला होता. मामा तीन नंबरपाशी, दोन नंबरकडं पाठ करून, तेल बघत होते.

मी धावत जाऊन स्टॉपचं बटण दाबलं आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवायला लागले. ते माझ्यानं हलेना. फरशीची थरथर बदलली तसे मामा वळले, एका नजरेत सगळं समजले आणि चाकाला त्यांनी हात घातला. दोघांनी मिळून ते बंद केलं. तोवर मशीनच्या डोक्याकडच्या जोडातलं गॅस्केट फुटलं होतं. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, श्वास अडकला. मामांनी मला कॉलर धरून बाहेर ओढलं.

पॅकिंगच्या बायका ओले पदर तोंडावर धरून आवारात पळत आल्या. एक जण कुंपणाशी बसून ओकत होती. बाकी कुणाला काही झालं नाही. गळती थोडीच होती, काही वेळानं वास विरला.

साहेब आले. बाहेर टँकर खोळंबले होते आणि साहेबांचा चेहरा उतरला होता. "मशीन कुणी बंद केलं?"

"मी केलं, साहेब," मी म्हणाले. "मामांनी सांगितलं म्हणून."

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काय बोलले ते त्यांना बरोबर कळलं.

"मी न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "मशीन ठोकत हुतं, मी बाजूला उभा हुतो, मला ऐकू आलं न्हाई. लई दिवसापासून येत न्हाई. पोरीला मीच गप बसवलं हुतं."

बायका ऐकत होत्या. कुंपणाशी बसलेलीनं तोंड पुसलं आणि आमच्या दोघांकडं बघितलं. तिच्या बघण्यात राग होता, आणि तो बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं.

मामांना तपासणीसाठी नगरला नेलं. त्यानंतर ते क्रेट धुण्याच्या जागेवर गेले. माझं वर्ष संपत आलं होतं. ज्या दिवशी संपलं त्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, "कॉम्प्रेसर रूम तुलाच बघायचीय. दुसरा माणूस शोधायची गरज नाही." माझ्याबरोबर आयटीआयतून निघालेल्यांपैकी कितीतरी जणी अजून घरी बसलेल्या होत्या. मी हो म्हणाले. चुलत्यांनी गावभर सांगितलं की पुतणी ऑपरेटर झाली. मी मात्र घरात कुणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं, मी दमले आहे.

प्लँटमध्ये मामा समोरून येताना दिसायचे. हात वर करायचे आणि पुढं जायचे. थांबत नसत. शेवटी एका रविवारी मी स्कूटी घेऊन त्यांच्या घरी गेले. वस्ती नदीच्या पलीकडं होती. मामी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत नेलं नाही, तिथंच शेजारी बसवलं.

"तूच व्हय ती," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

"मला काय वाटायचं सांगू?" त्या म्हणाल्या. "वाटायचं, ह्या मानसाला माझा राग हाय. मी बोलायची, त्ये उत्तर देत नसत. किती वरसं झाली. मग मीबी बोलायचं सोडलं. आन हे कानाचं कंपनीत आदी कळलं, घरात मागनं."

तेवढ्यात मामा गोठ्यातून आले. मला बघून त्यांना आनंद झाला की नाही ते कळलं नाही. ते समोर, माझं तोंड दिसेल असे बसले.

"दोन नंबर कसं हाय?"

"नवीन व्हॉल्व्ह टाकले. चांगलं चाललंय."

"कानाला ते लाव. मफ, आवाज आडवायचं. मी कदी लावलं न्हाई."

"लावलं तर मशीन कसं ऐकू येणार, मामा?"

ते माझ्या ओठांवरून नजर काढून अंगणाकडं बघू लागले. त्यांना कळलं नव्हतं असं मुळीच नाही. मामींनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि मोठ्यांदा, एकेक शब्द तोडून विचारलं, चहा घ्यायचा का. त्यांनी मान हलवली.

चहा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मला त्यांना सांगायचं होतं की मला जे येतं ते तुमचंच आहे, आणि जागाही तुमचीच आहे. यातलं काहीही मोठ्यानं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. कप रिकामे झाल्यावर मी उठले. मामा फाटकापर्यंत आले, गाडी नीट चालव अशी हातानंच खूण केली आणि मी वळणापलीकडं जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.