वन्संचा परवचा

आमच्या वन्संना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चूक लगेच ऐकू यायची. दिवेलागणीला घरातली पोरं ओटीवर बसून परवचा म्हणत, तेव्हा त्या आत माजघरात सुपारी सोलत असायच्या. एकोणतिसाच्या पाढ्यात कुणी अडखळलं की आतून आवाज यायचा, "माघारी फिर!" आणि पोरगं मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन त्या नागावच्या माहेरी परत आल्या होत्या. भावांचे पाढे ऐकून ऐकूनच त्यांना सगळे पाठ झालेले. मी चार इयत्ता शिकून या घरात आले, त्यामुळे माझं नाक जरा वरच होतं. "वन्सं, अक्षरं शिकवू का?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कागद भिजतो गो, कानातला न्हाय भिजत." मी तोंडाला पदर लावून हसले. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. गावच्या दवाखान्यात एक इंग्रज नर्स होत्या, सगळे त्यांना मडमबाई म्हणत. दहा वर्षांत त्या चांगलं मराठी बोलायला-लिहायला लागल्या होत्या. एकदा वन्संचा कापलेला हात बांधता बांधता मडमबाईंना रडू फुटलं. दूर दक्षिण अमेरिकेत त्यांचा भाऊ आणि भावजय, दोघंही तापाने गेली होती. मागे राहिली सात वर्षांची भाची. पोर आईच्या स्पॅनिश बोलीत वाढलेली, तिला इंग्रजीचा गंध नव्हता. मडमबाई तिच्याकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, पण विलायतेहून मागवलेल्या पुस्तकातली क्रियापदं काही केल्या त्यांच्या डोक्यात राहत नव्हती.

"आमच्या भाषेत मी राहतो, तू राहतोस, आम्ही राहतो, सगळ्यांना शब्द एकच," त्या म्हणाल्या. "तिथे माणूस बदलला की शब्द बदलतो. त्या पोरीशी मी बोलू कशी?"

वन्संना नवल वाटलं. "एकच शब्द? मंग कोन राहतो ता समजायचा कसा?" जरा विचार करून म्हणाल्या, "आमच्यात बी बदलतोच की. रोज दिवे लावताना ये, बाय. परवचा म्हनू."

आणि खरंच, दोन महिने आमच्या ओटीवर पोरांच्या पाढ्यांनंतर स्पॅनिश चाललं. पुस्तक मडमबाईंच्या मांडीवर, आणि ठेका वन्संच्या हातातल्या सुपारीचा, पाटावर टक टक. वीवो, वीवेस, वीवे, विविमोस, विवीस, वीवेन. मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, आम्ही राहतो, तुम्ही राहता, ते राहतात. चार दिवसांत वन्संच्या कानात ते असं बसलं की पुस्तकात बघायची गरजच उरली नाही. अख्ख्या जिल्ह्यात इंग्रजापुढे मान वर करायची कुणाची छाती नव्हती, पण आमच्या ओटीवर मडम चुकली की तिलाही माघारी फिरावं लागायचं. मी मुद्दाम शेजारणींना बोलावून ते दाखवत असे.

निघायच्या दिवशी आम्ही बैलगाडीने रेवसला पोचवायला गेलो. आगबोट लागली होती. वन्संनी शेवटची परीक्षा घेतली. "पोरीला पयला काय सांगशील? आपन राहतो. सांग."

मडमबाईंनी डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात सुरू केलं, "वीवो, वीवेस, वीवे…"

वन्संचा चेहरा उतरला. सात आठे विचारले की सात एकेपासून सुरू करणाऱ्या आमच्या पोरांसारखंच झालं होतं! शिकवायला आता वेळ नव्हता. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "अर्धा शिकवून धाडली गो मी तिला." त्या दिवसापासून त्या पोरांना पाढा मधूनच विचारू लागल्या, आणि स्पॅनिशचं नाव काढलं की उठून जात.

पत्र यायला वर्ष गेलं. बाळबोध अक्षरात, मराठीत होतं. मी ते मोठ्याने वाचलं. भाची तिथल्या बंदरावर शेजारणीचा हात धरून उभी होती. कित्येक दिवसांत कुणाशी बोललेली नव्हती. मडमबाईंनी तोंड उघडलं आणि नेमका तोच शब्द पळाला. मग भर धक्क्यावर, पायाने ठेका धरून, आमच्या परवच्याच्या चालीत त्यांनी पहिल्यापासून म्हणायला घेतलं. वीवो, वीवेस, वीवे… पोर बघत राहिली, मग खुदकन हसली, आणि चौथा शब्द तिनेच म्हटला, विविमोस, आपण राहतो.

"परत वाच," वन्सं म्हणाल्या. मी तीनदा वाचलं. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता तेवढी अक्षरं शिकव मला."

महिनाभर वन्संकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, मग उत्तर मी लिहिलं. वन्सं गेल्या त्याला आता किती वर्षं झाली, पण त्या पत्राचा शेवट माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी म्हटलं होतं, खाली तुमचं नाव काढा. दौतीत टाक बुडवून, जीभ दातांत धरून, आमच्या वन्संनी कागदावर आयुष्यातली पहिली अक्षरं काढली. ते त्यांचं नाव नव्हतं. वाकड्यातिकड्या बाळबोधीत त्यांनी लिहिलं होतं, विविमोस.