मालधक्क्याच्या उंचीचं चर्च

दौंडात नवा माणूस आला की रेल्वेलाइनीपलीकडचं चर्च त्याला हमखास गोदाम वाटतं. त्यात त्याची काही चूक नाही. दुसरी मोठी लढाई संपल्यावर रेल्वेतल्या ख्रिस्ती फिटर-खलाशांनी वर्गणी काढून ते बांधलं, आणि हाताशी जे गवंडी होते त्यांनी उभ्या जन्मात रेल्वेचे मालधक्के आणि रुळांखालच्या मोऱ्या सोडून काही बांधलं नव्हतं. दाराला कमान हवी म्हटल्यावर त्यांनी मोरीची कमान घातली. वर लष्करी लिलावातले पत्रे चढवले. आणि जोतं, निव्वळ हाताच्या सवयीनं, मालडब्याच्या दाराला लागेल इतकं उंच घेतलं. वर जायला तीन दगडी पायऱ्या ठेवल्या, एकेक जवळजवळ गुडघ्याएवढी.

त्या गवंड्यांत सगळ्यांत तरुण होता रखमाजी भिंगारदिवे. बाकीचे एकेक करून देवाघरी गेले आणि चुकीला जबाबदार असा हा एकटाच मागं उरला, त्यामुळं चर्चच्या मंडळीचा इतिहासकारही तोच झाला. जोतं इतकं उंच का, असं कुणी विचारलं की भीमेच्या पुराचं कारण निघे. पूर कधी तिथवर आला नाही, हे विचारणाऱ्याला ठाऊक असलं तर मग देवाच्या घरी जाताना माणसाला थोडे कष्ट पडावेत, असं दुसरं कारण तयार असे. पाळक बदलत गेले, कारणं सुधारत गेली. पंच कमिटीत कुणी नव्या पायऱ्यांचं नाव काढलं की रखमाजी उठून उभा राही.

"इतिहास हाय त्यो. हात लावायचा न्हाई."

या इतिहासाची झळ घरातच पोचत होती. पार्वतीबाई, त्याची बायको, माहेर न्हावऱ्याचं. लग्नाच्या दिवशी नवऱ्याचा हात धरून ती त्या पायऱ्या चढली होती. साठी उलटल्यावर तिचे गुडघे गेले.

"अवो, बारक्या पायऱ्या घाला की," ती म्हणे. "प्रभुभोजन घेऊन वरीस झालं."

"तुज्या एकटीसाठी जोतं फोडू व्हय?"

अशी बरीच वर्षं गेली. मग कुरकुंभ रस्त्याला कारखान्यांत कामाला असलेल्या काही ख्रिस्ती लोकांनी दुकानाचा एक गाळा भाड्यानं घेऊन प्रार्थना सुरू केली. शेजारचा रिक्षावाला रशीद आपली रिक्षा थेट शटरला लावायचा. पार्वतीबाई तिकडं जाऊ लागली.

"दुकानात कसली आलीय उपासना?" रखमाजी फणकारला.

"दुकान तर दुकान. आत जाता येतं."

दोन हजार साली चर्चचा सुवर्णमहोत्सव झाला. पुण्याहून मोठे पाळकसाहेब आले. रखमाजीला शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. तो रंगात आला. लिलाव, पत्रे, कमान सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "आन् ह्या जोत्यानं पन्नास वर्षांत एकालाबी भाईर..." बोलता बोलता त्याची नजर बायकांच्या बाजूला, पहिल्या बाकाच्या टोकाला गेली. पार्वतीबाईची ती जागा रिकामी होती. बायका खाली बघत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाक्य तसंच टाकून तो खाली बसला.

त्याच आठवड्यात त्यानं कमिटीला न विचारता स्वतः थापी हातात घेतली. बुटक्या, रुंद पायऱ्या घातल्या, बाजूला धरायला पाइप बसवला. कमिटी खवळली. ऐतिहासिक वास्तूची नासधूस केली म्हणून सेक्रेटरींनी त्याला चारचौघांत झापलं, आणि तेही त्याचेच शब्द वापरून.

शनिवारी संध्याकाळी तो पार्वतीबाईला घेऊन आला. पाइप धरून ती कुठंही न थांबता वर गेली, आपल्या जागेवर जरा टेकली, पत्र्याकडं बघितलं आणि सावकाश खाली उतरली.

"झ्याक झाल्यात."

"मग उद्या येशील न्हवं?"

"उद्या न्हाई जमायचं. तिकडं माज्याशेजारी एक म्हातारी बसती, तिचंबी गुडघं गेल्यात. वाट बघंल ती."

"आन् म्या ह्या कुणासाठी घातल्या?"

पार्वतीबाईनं पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत नवऱ्यावर ती कधी चिडली नव्हती, आताही चिडली नाही.

"तुमी या की तिकडं," ती म्हणाली. "चढायचं काय न्हाई तिथं, तुमाला तरास न्हाई व्हायचा."