लेखी चाचा आणि आमची विहीर

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात एकदा ग्रामपंचायतीचा शिपाई रहमान दर्ज्यांच्या दुकानापुढे येऊन म्हणाला, "चाचा, उद्या दुकान बंद ठेवा लागते. वरून आदेश हाय." चाचांनी शिलाई मशीनवरचा पाय न थांबवताच विचारलं, "वरून म्हंजे कोनाकून? लेखी हाय का?" शिपायाकडे लेखी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या दुकानांना कुलूप, आणि चाचांचं मशीन एकटं खडखडत होतं. संध्याकाळी कळलं की आदेश शेजारच्या गावासाठी होता. तेव्हापासून रहमान हे नाव रेशनकार्डापुरतं उरलं आणि ते गावभर लेखी चाचा झाले.

या सवयीतून माझीही सुटका नव्हती. "बाबांनी सदरा उद्यापर्यंत मागितलाय," असा निरोप घेऊन गेले की चाचा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "लेखी आन बेटी. भाऊनं उद्या नाई म्हनलं तं मी कोनाले धरू?" मी घरी पळत यायची, वहीचं पान फाडायची आणि बाबांची सही घेऊन परत पळायची. माझं अक्षर सुधारलं त्यातला निम्मा वाटा चाचांचा आहे.

त्यांच्या मशीनशेजारी संविधानाचं मराठी पुस्तक असे. बुलडाण्याहून जुनं आणलेलं. शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर त्यांनी त्याला शिवलं होतं, अगदी काठाला दुहेरी टीप घालून. दुपारी चारच्या चहाला माझे बाबा तिथे जात. बाबा निवृत्त ग्रामसेवक. सगळी नोकरी सरकारचे कागद गावात आणण्यात गेली होती, त्यामुळे सरकारबद्दल कोणी वाकडं बोललं की त्यांना ते स्वतःलाच लागे. मग दोघांची जुंपायची.

"भाऊ, लोकं कपडा देते, संविधान माप देते," चाचा म्हणत. "दर्ज्यानं मनानंच शिवलं तं गिऱ्हाईक आंगात काय घालन?"

"आन कैची?" बाबा विचारत. "कापल्याबिगर सदरा होते का? रस्ता झाला, शाळा झाली, पोरायले लस भेटली, हे काय हात बांधून झालं? सरकारच्या हातात कैची द्याच लागते, भाई."

"द्या ना. मी कुठी नाई म्हनून राह्यलो? पन खडूच्या रेघेवरून चालली पायजे."

यात कोणी कधी जिंकलं नाही. चहा मात्र रोज थंड व्हायचा. मी मनातून चाचांच्या बाजूची होते. कारण तत्त्वाचं नव्हतं. ते मला बाहुलीसाठी चिंध्या देत.

पुढे सरपंचपदाच्या निवडणुकीत गावातल्या दोन तगड्या पार्ट्यांचं एकमेकांशी इतकं बिनसलं की दोघींनाही निरुपद्रवी माणूस हवा झाला, आणि चाचा सरपंच झाले. बाबांनी हार घातला आणि कानात म्हणाले, "घ्या, आता कैची तुमच्या हातात."

दुसऱ्याच उन्हाळ्यात गावाची विहीर तळाला गेली. पाणी होतं ते आमच्या मळ्यात. त्या पाण्यावर बाबांची दोनशे लिंबाची झाडं होती, चौथ्या वर्षाची, पहिल्या बहराच्या बेतात. पेन्शनीतला माणूस नातवंडांच्या जागी ती झाडं वाढवत होता. मी तेव्हा मलकापूरच्या शाळेत शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीवर आले होते. पिण्याच्या पाण्यासाठी पंचायतीनं ठराव केला तर तहसीलमधून खाजगी विहीर अधिग्रहित करता येते, म्हणजे तात्पुरती ताब्यात घेता येते, हे बाबांना नोकरीपासून ठाऊक होतं. त्यामुळे चाचा एका सकाळी कागद घेऊन आले तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. नवल मला वाटलं. नेहमी ओट्यावर बसणारे चाचा त्या दिवशी खुर्चीवर बसले.

बाबांनी कागद दोनदा वाचला. ठरावात मागितलं होतं तसंच आदेशात उतरलं होतं: सदर विहीर पुढील आदेशापर्यंत ताब्यात घेण्यात येत आहे.

"भाई, रोज किती तास?" बाबांनी विचारलं. "नुस्तं प्याले, का भिंती बांधालेबी? कधीपर्यंत? झाडायले थेंबभर राह्यते का नाई?"

"भाऊ, तसं तं समजूनच घ्याचं असते..."

"लेखी हाय का?"

मला बाबांची शरम वाटली. आजही ते लपवत नाही. मी म्हटलं, "बाबा, लोक पाण्यावाचून आहेत आणि तुम्हाला वाद सुचतोय?"

"ज्याले न्याचं त्याले घागरीनं नेऊ दे, मी कोनाले हटकलं?" बाबा म्हणाले. "पन या कागदावर मी मोटारीची चाबी देत नाई."

चाचांनी कागद परत घेतला. बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊवर रागावू नको बेटी. ठराव म्याच लिहला. घाईघाईत माप घ्याचं राह्यलं."

गावाला हे कुठलं पटायला? चावडीपुढे लोकांनी चाचांना घेरलं. "सरपंच हाय ना तुमी? कुलूप तोडा, आमी येतो संगं!" चाचा म्हणाले, "त्या कुलपावर माहा हक्क कोन्या कागदात हाय, ते दाखवा. लगेच तोडतो." लोक शिव्या देत पांगले. मग चाचांनी पंचायतीची सभा पुन्हा बोलावली, ठराव पुन्हा लिहिला आणि एसटीनं बुलडाण्याची तहसील कचेरी गाठली. त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस गावातल्या बाया उन्हातून आमच्या मळ्यापर्यंत येत होत्या. त्यांच्यात चाचीही होत्या, गुडघे दुखणाऱ्या. मी त्यांच्या हातातली घागर घेतली तेव्हा म्हणाल्या, "काय करू माय, त्यायच्या पुस्तकानं तहान भागत नाई ना." हसल्याही, पण पदरानं तोंड पुसत.

तिसऱ्या दिवशी नवा आदेश आला. फक्त पिण्यासाठी, सकाळी सात ते नऊ, गावच्या विहिरीला पाणी येईपर्यंत. नऊनंतरचं पाणी मालकाचं. बाबांनी वाचला, चष्मा पुसला आणि किल्ली काढून दिली. पाइप टाकला गेला, गावच्या टाकीत पाणी पडलं. आमच्या खालच्या बांधावरची पंधरा-वीस झाडं वाळली. बाबांनी त्यांचं नाव कधी काढलं नाही.

चारचा चहा मात्र आठवडाभर बंद होता. शेवटी चाचाच आले आणि ओट्यावर बसले. मी आत चहा गाळत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "कैची हातात आली तं मले रेघ दिसली नाई."

बाबा म्हणाले, "आन माही विहीर जाऊ लागली तवाच मले रेघ दिसली. इतके वर्स कुठी दिसली होती?"

एवढ्या वर्षांच्या वादात दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलेलं मी ऐकलं ते एवढंच. तो चहा त्यांनी गरम प्यायला.

पुढे बहुतेक उन्हाळ्यांत आमची विहीर गावासाठी घेतली गेली. सरपंच बदलले, पण ठरावाचा मजकूर चाचांनी लिहिलेला, तोच.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. पहाटे गेले, आणि मी मलकापूरहून पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. गावच्या टाकीतलं सकाळचं पाणी संपलं होतं, आणि दफनाआधी मय्यतीला आंघोळ घालायची होती. बाबा काठी टेकत मळ्याकडे निघाले, मी मागोमाग. पाइपाच्या कॉकपाशी पंचायतीचा तोच शिपाई उभा होता, आता केस पिकलेला. त्याचे डोळे लाल होते, पण सवय कुठे जाते?

"काका, नऊ वाजून गेले," तो चाचरत म्हणाला. "आता गावाच्या पाइपात पानी सोडाले मले लेखी लागन."

बाबांनी मोटारीच्या पेटीला किल्ली लावली. मी मदतीला पुढे झाले. त्यांनी मला बाजूला केलं.

"नऊनंतरचं पानी माहं हाय," बाबा म्हणाले. "त्यानंच लिहून देल्लं मले. सोड तू."